विंझरची लाइन

कपाटाच्या माथ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक वस्तू होती. तिला कुणी हात लावला की उपेंद्र आजोबांना दुसऱ्या खोलीत, झोपेतसुद्धा कळायचं. "डब्याला हात नको!" अशी हाक यायची आणि हात लावणारा चटका बसल्यासारखा मागे सरायचा. श्रावणी नववीत जाईपर्यंत तिची आणि त्या डब्याची ओळख एवढीच.

मग गेनबांचा आवाज गेला आणि डबा खाली आला.

गेनबा विंझरचे. टेलिफोन खात्यात लाइनमन. आजोबा भोरच्या एक्सचेंजमध्ये साहेब आणि गेनबा वेल्ह्याच्या खोऱ्यात खांबावर. वाऱ्यापावसात तार तुटली की गेनबा वर चढायचे, कमरेचा टेस्टिंगचा फोन तारेला लावायचे आणि तिथून भोरला ओरडायचे, "उपेंदर, झोपलास का रं?" तोच माणूस पगाराच्या दिवशी ऑफिसात आला की टोपी सावरत दाराशी उभा. "सायेब, येऊ का आत?" आजोबांनी त्यांना कितीदा सांगितलं, अरे गेन्या, इथेही उपेंद्रच म्हण. गेनबांचं उत्तर ठरलेलं. "त्ये तारंवर. तारंवर कुनी सायेब नसतो. हितं तुमची खुर्ची हाय."

पुढे पुण्याच्या कुठल्याशा शाळेनं आपले जुने कॉम्प्युटर भंगारात काढले. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकाच जाडजूड डब्यात, डबा टीव्हीला जोडायचा की पडद्यावर ही मोठाली अक्षरं. आजोबांनी दोन डबे उचलले. एक भोरला, एक विंझरला, आणि दोन्हीकडे एकेक मोडेम. मोडेम म्हणजे अक्षरांच्या शिट्ट्या करून त्या टेलिफोनच्या तारेतून पलीकडे पाठवणारी पेटी. तिचा वेग तीनशे बॉड. आताच्या पोरांना सांगून पटणार नाही इतका कमी. पडद्यावर एकेक अक्षर यायचं, निवांत, वाटाणे सोलल्यासारखं. रोज दुपारचा चहा झाला की दोघं आपापल्या डब्यावर बसायचे आणि इंग्रजी अक्षरांत मराठी गप्पा हाणायचे. आणि ती तारच असल्यामुळे गेनबा तिथेही बिनदिक्कत लिहायचे, 'उपेंदर, तुला काय कळतंय?'

मग तारा गेल्या. निम्म्या चोरांनी नेल्या, उरलेल्या खात्यानं काढल्या. डबे कपाटावर चढले. मोबाइल आले, बोलणं चालू राहिलं. फोन म्हणजेही तारच की, असा गेनबांचा हिशोब. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, आवाज काही वाचवता आला नाही. गळ्याला भोक आणि त्यावर पांढरा रुमाल घेऊन गेनबा विंझरला परत आले.

आजोबा भेटायला गेले. गेनबांनी नातीची पाटी ओढली आणि खडूनं लिहिलं, 'सायेब, च्या घ्या.'

त्या दिवशी आजोबा घरी येऊन जेवले नाहीत. श्रावणीची आई, शुभा, ताट घेऊन दोनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ते म्हणाले, "सायेब म्हणाला गं मला. पाटीवर लिहून."

व्हॉट्सॅपचा प्रयोगही झाला. गेनबांच्या मुलानं, सोमनाथनं, त्यांच्या हातात मोबाइल दिला. पण ज्या बोटांनी जन्मभर पक्कड धरली त्या बोटांना काचेवरची अक्षरं कशी सापडायची? एका बोटाखाली चार अक्षरं चिरडायची. भोरला 'ककककज' असलं काहीतरी येऊन पडायचं आणि आजोबा भिंग लावून त्याचा अर्थ शोधत बसायचे. मग एक दिवस ते स्टुलावर चढले आणि स्वतःच्या हातानं त्यांनी डबा खाली काढला. कीबोर्डची बटणं उंच, ठसठशीत, कोकरासारखी ऐटीत उभी. "यावर गेन्याची बोटं चालतील," ते म्हणाले. "पण तार कुठून आणू?"

इथे श्रावणी मैदानात उतरली. मागच्या वर्षापर्यंत वर्गात तिचा आवाज पुढच्या बाकालाही ऐकू जात नसे. मग एकदा तिनं शाळेचा बंद पडलेला प्रोजेक्टर सगळ्यांदेखत चालू करून दाखवला आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला झाकण म्हणून राहिलं नव्हतं.

"तार नाही तर नाही," ती म्हणाली. "आपण वायफाय लावू."

"अगं, वायफाय जन्मायच्या आधीचा आहे हा डबा."

"तुम्हीसुद्धा. तुम्ही नाही का वापरत?"

आजोबांना कितीतरी दिवसांनी हसू फुटलं.

बुधवार पेठेतून नखाएवढ्या दोन चिपा आल्या. जुन्या मोडेमचं सोंग घ्यायचं, पण अक्षरं तारेऐवजी वायफायवरून न्यायची, असं त्यांचं काम. डब्याच्या मागच्या गोल सॉकेटला पहिली चिप जोडली आणि घरभर जळका वास सुटला. डबा दांडगा, चिप नाजूक. डब्याच्या व्होल्टांनी तिला एका दमात भाजून काढलं.

"टेलिफोनवाल्याच्या नातीनं व्होल्ट मोजायचे नाहीत, तर काय शेजाऱ्यांनी मोजायचे?" आजोबा म्हणाले.

मग आणखी एक चिप मागवली आणि मध्ये व्होल्ट उतरवणारी पट्टी बसली. मग वेग वाढवला, तीनशेवरून थेट एकोणीस हजार दोनशे, तर अक्षरं गळायला लागली. 'भोर' पाठवावं तर 'भर' उमटायचं. श्रावणी रडकुंडीला आली. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून सॉकेट पाहिलं. "तू याला फक्त खायला घालतेयस. याचं तोंड भरलं की यानं 'थांब' कसं म्हणायचं? थांब म्हणायची तार कुठाय?" ती तार श्रावणीनं जोडलीच नव्हती. जोडली, आणि अक्षरं धडाधड येऊ लागली, एकही न सांडता. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. आई म्हणाली, "आता जेवायला या, दोन्ही इंजिनीअर."

विंझरला डबा बसवायला श्रावणी एसटीनं गेली. गेनबांची सून सुलक्षणाकाकी दारातच उभी होती.

"ह्ये काय आनि? जुना डबा काय कमी व्हता, त्याला शेपूट लावाया आलीस व्हय?"

"काकी, आबा बोलतील आता यावरून."

"बोलू देत बाई. घरात मानूस असून नसल्यावानी झालंय. पाटी पुसून पुसून माजा पदर पांढरा झाला."

खिडकीत सोमनाथचा जुना मोबाइल ठेवला, कारण साऱ्या घरात रेंज काय ती त्या खिडकीतच. त्याच्यावरून चिपला नेट. गेनबा येऊन बसले. कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले आणि नुसतेच बसून राहिले. मग एका बोटानं, दाबून दाबून, लिहायला लागले. भोरला आजोबा पडद्यासमोर होते. तिथे काय झालं ते आईनं श्रावणीला फोनवर सांगितलं. पडद्यावर अडखळत अडखळत उमटलं होतं, 'उपेंदर, म्हातारा झालास काय रं?'

त्यानंतर रोज दुपारी चहा झाला की विंझरची लाइन चालू. आजोबा दाढी करून बसायचे. कुठल्या खांबावर मधमाश्यांनी गेनबांना कसं पळवलं, कुठल्या तहसीलदाराचा फोन त्यांनी मुद्दाम तीन दिवस बंद ठेवला, उत्रोलीच्या भाताला यंदा काय उतारा पडला, कशालाच धरबंध नव्हता. भांडणंही व्हायची. एकानं लिहायला घेतलं की दुसरा मध्येच घुसायचा आणि पडद्यावर दोघांच्या अक्षरांची खिचडी.

श्रावणीला मात्र एक गोष्ट खुपत होती. खिडकीतली रेंज लहरी. अक्षरं कधी सुरळीत यायची, कधी अडून राहायची आणि मग पाच-सहा एकदम भसकन सांडायची. एवढा वेग वाढवला तो याचसाठी का? तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिचं नाव दिलेलं होतं. परीक्षकांपुढे असं चाचपडत आलेलं अक्षर दाखवायचं म्हणजे हसं. मग तिनं डोकं चालवलं. चिपच्या प्रोग्रॅममध्ये बदल केला: लिहिणारा लिहील तसं चिपनं साठवत राहायचं आणि त्यानं एंटर दाबला की पूर्ण ओळ एका झटक्यात पाठवून द्यायची. विंझरच्या चिपलासुद्धा नवा प्रोग्रॅम भोरहूनच, नेटवरून पाठवता येत होता. पाठवला. अडचण एकच, गेनबांना एंटरची सवय नव्हती. जुन्या लाइनवर लिहिलेलं जसंच्या तसं जायचं, एंटर दाबायची गरजच काय? श्रावणीनं काकीला फोन करून एंटरवर लाल टिकली चिकटवायला सांगितली.

"आबा, लिहून झालं की टिकली दाबायची. नाही दाबलीत तर आजोबांना काहीच दिसायचं नाही बरं का!"

गेनबा शहाण्या विद्यार्थ्यासारखे टिकली दाबायला लागले. आता ओळ यायची ती विजेसारखी. डोळ्याचं पातं लवायच्या आत पूर्ण वाक्य, स्वच्छ, एकही खोट नाही. प्रदर्शनात श्रावणीनं विंझरचा डबा एका दिवसापुरता आणून दोन्ही डबे शेजारी मांडले, एकावर जुना वेग, एकावर नवा. जुन्यावर ओळ रांगत होती, नव्यावर उडी मारून येत होती. पोरं 'ओऽऽ' करून ओरडली. तिचा दुसरा नंबर आला आणि जिल्ह्याला निवड झाली. घरी येताना तिला वाटत होतं, आपण चालत नाही आहोत, जमिनीच्या चार बोटं वरून जात आहोत.

आजोबांनी तिला पेढा भरवला. दोन-तीन दिवसांनी, ती अभ्यास करत असताना, ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"श्रावणी, हे ओळ-ओळ येतं ना, त्याचं परत अक्षर-अक्षर करता येईल का गं?"

"का? एवढं मस्त चाललंय!"

"मस्त आहे. पण पूर्वी तो लिहिताना दिसायचा. 'मी रागाव' इथपर्यंत लिहायचा, थांबायचा, पुसायचा. मग 'मी कशाला रागावू' असं लिहायचा. पुसलेलं असायचं ना, तेच खरं असायचं त्याचं. आता सगळं पुसूनच येतं."

"पण आजोबा, अडखळत येईल."

"येऊ दे. बोलतानाही तो अडखळायचाच."

"बरं, करते. जिल्ह्याचं प्रदर्शन झालं की लगेच करते. तिथे मला हेच दाखवायचंय."

आजोबा "बरं" म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. जिल्ह्याचं प्रदर्शन झालं, मग सराव परीक्षा आली, मग मैत्रिणीच्या ताईचं लग्न आलं. काम एवढंसं होतं, आणि एवढंसं काम कधीही होतं म्हणून ते कधीच झालं नाही.

थंडीत गेनबांची गाठ परत उठली. या वेळी पुण्याच्या डॉक्टरांनी आत घेतलंच नाही, घरी न्या म्हणाले. सोमनाथनं ते आजोबांना फोनवर सांगितलं, पण गेनबांनी लाइनवर त्याचं नावही काढलं नाही. त्यांच्या ओळी तेवढ्या आखूड होत चालल्या. 'आज ऊन बरं हाय.' 'पेज पिली.' 'तू लिव, मी वाचतो.' आजोबा लिहायचे, पानंच्या पानं, आणि पलीकडून एक 'हं' यायचा. आजोबा त्या 'हं'कडे बघत बसायचे. तो लगेच लिहिला की दम घेत लिहिला, सरळ लिहिला की आधी दुसरं काही लिहून पुसला, काही कळायला मार्ग नव्हता. ओळ आपली तशीच, विजेसारखी.

एका शनिवारी ओळ आली, 'उपेंदर, तुला येक सांगायचं हाय. आज दम न्हाई. उद्या बसतो. वाट बग.'

आजोबांनी लिहिलं, 'बघतो. सावकाश.'

रविवारी आजोबा चहाच्या आधीच येऊन बसले. पडद्यावर चौकोनी ठिपका लुकलुकत होता. चहा झाला. ठिपका तसाच. श्रावणी आतून आली.

"काहीच नाही अजून? रेंज गेली असणार. थांबा, मी बघते."

"रेंज नाही गेली. लिहितोय तो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बसतो म्हणाला, वाट बघ म्हणाला. म्हणजे बसलाय."

तरी श्रावणीनं सुलक्षणाकाकीला फोन लावला. काकी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती.

"व्हय की, बसल्यात डब्याम्होरं. सकाळपास्नं म्हनत व्हते, मला उठवून बसीव, मला उठवून बसीव. म्हंजी हातानं खुनावत व्हते गं. टकटक चाललीया, हितं अंगनात ऐकू येतंय. थांबत्यात, परत चालू व्हत्यात. बोलवू का?"

"नको, नको. लिहू देत. फक्त त्यांना सांगाल का, मध्ये मध्ये टिकली दाबा म्हणावं. म्हणजे इकडे दिसेल."

"आता कुटं मधी जाऊ? मगाशी पानी द्याया गेले तर हात वर करून हाकललं मला. लई रंगात आल्यात. झालं की सांगते, बास?"

श्रावणी क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "बरं, झालं की सांगा."

फोन स्पीकरवर होता. आजोबांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ. मी म्हटलं नव्हतं? रंगात आलाय." त्यांनी आईला हाक मारून आणखी एक चहा मागितला. खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, पडद्यासमोर नीट बसले, पाहुणा दारात उभा असल्यासारखे.

दुसरा चहा प्यायचा राहिलाच. फोन वाजला तेव्हा त्याच्यावर साय धरली होती.

"श्रावणी..." काकीच्या आवाजामागे आणखी बायकांचे आवाज होते. "टकटक थांबली म्हनून म्या आत गेले. तर मान खाली. म्या म्हनलं डुलकी लागली. हात लावला तर... गेले गं मामंजी. बसल्या जागी गेले."

श्रावणीच्या तोंडून जे निघालं ते तिला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

"काकी, डबा बंद करू नका!"

 मग काकी म्हणाली, "पोरी, म्हातारं गेलं आमचं. आनि तू डब्याचं काय सांगतीस?"

"काकी, तसं नाही, त्यात आबांचं..." पण तिला पुढचं बोलता येईना. "डबा चालू राहू दे. तुमच्या पाया पडते."

"बरं. बगते," काकी म्हणाली आणि फोन ठेवला.

शेजारच्या गॅरेजवाल्यानं गाडी काढली. मातीला अंधाराच्या आत पोचायचं होतं. आजोबा पुढे बसले, श्रावणी मागे. कापूरहोळ मागे पडलं. मग श्रावणी पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "आजोबा, त्यांनी लिहिलेलं गेलेलं नाही. ते चिपमध्ये साठलेलं असतं. डबा चालू आहे तोवर ते तिथेच आहे. मी गेल्या गेल्या एंटर दाबते. ओळ भोरला, आपल्या डब्यावर येऊन पडेल. नाही तर तिथल्या पडद्यावर तर असेलच."

आजोबांनी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि खिडकीच्या कडेवर ठेवलेलं त्यांचं बोट हळूहळू टकटक करत होतं. नसरापूर गेलं, विंझरचा रस्ता लागला. श्रावणी मनातल्या मनात म्हणत होती, लाइट जाऊ नको, लाइट जाऊ नको. रस्त्याकडेच्या दुकानांत बल्ब लागलेले दिसले की तिचा जीव भांड्यात पडायचा.

विंझरला अंगण माणसांनी भरलं होतं. गेनबांना ओसरीवर ठेवलं होतं, गळ्याचा पांढरा रुमाल तसाच. बायका रडत होत्या. श्रावणी त्यांच्या कडेकडेनं, चप्पल काढून, आतल्या खोलीत गेली. खाट भिंतीला सरकवली होती. टीव्ही चालू होता.

पडद्यावर दोनच ओळी होत्या. डबा नुकताच सुरू केल्यावर येतात त्या. वर डब्याचं नाव, खाली 'जोडणी झाली'. आणि त्याखाली चौकोनी ठिपका, लुकलुकत.

सुलक्षणाकाकी तिच्या मागोमाग आत आली होती. रडून रडून डोळे सुजलेले, तरी तिनं पदरानं टीव्हीच्या काचेवरची धूळ पुसली.

"चालू हाय बग. तू सांगितलंस म्हनून. मगाशी गडबडीत खाट सरकवाया पोरांनी पिना उपसल्या व्हत्या. तुजं फोनवर बोलनं झालं तवा म्या सोता परत लावल्या. मला वाटलं न्हाई लागायचा. पर लागला बाई झटक्यात." तिनं श्रावणीकडे पाहिलं. "बरूबर लावलाय न्हवं?"

 श्रावणीला ओरडावंसं वाटलं, काकी, एकदा काढलेली पिन परत लावून काही उपयोग नसतो. पण समोर काकी उभी होती, मेलेल्या सासऱ्याला ओसरीवर सोडून तिच्या एका शब्दासाठी आत आलेली.

"हो काकी," ती म्हणाली. "अगदी बरोबर लावलात."

काकी गेली. दारात आजोबा उभे होते. केव्हापासून होते कोण जाणे. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं. जन्म टेलिफोन खात्यात गेलेला माणूस, त्याला काय समजवायचं होतं? ते वळले आणि ओसरीवर गेले. कुणीतरी लगबगीनं प्लॅस्टिकची खुर्ची आणली. "सायेब, खुर्ची घ्या." आजोबांनी ती हातानं बाजूला केली आणि गुडघे दुखत असतानाही, कुणाचा आधार न घेता, गेनबांच्या उशाशी खाली जमिनीवर बसले. माणसं उचलायला येईपर्यंत ते तिथेच होते. 

परतताना अंधार पडला होता. गाडी वळणं घेत होती. श्रावणी या वेळी पुढच्या सीटला धरून बसली नव्हती. ती खिडकीला डोकं टेकून रडत होती, आवाज न करता. शेवटी तिच्यानं राहवेना.

"आजोबा, ते माझ्यामुळे झालं. मी अक्षर-अक्षर ठेवलं असतं तर त्यांनी लिहिलं तसं तुम्हाला सगळं दिसलं असतं. तुम्ही सांगितलं होतं. मी केलं नाही."

तिला वाटलं, ते म्हणतील, वेडी आहेस, तुझा काय दोष. सगळी मोठी माणसं असंच म्हणतात. आजोबा तसं काही म्हणाले नाहीत.

"हो," ते म्हणाले.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "किती अक्षरं मावतात गं त्या चिपमध्ये?"

"अडीचशेच्या आसपास ठेवली होती मी."

"आणि जास्त झाली तर?"

"पुढची घेत नाही."

आजोबांनी थोडा विचार केला. "एवढं लांब नाही लिहायचा तो," ते म्हणाले. "मावलं असेल सगळं."

 भोरचे दिवे दिसायला लागले. गाडी घरासमोर थांबली तेव्हा उतरता उतरता आजोबा म्हणाले, "उद्या ते अक्षर-अक्षर करून टाक."

"आता? आता कुणासाठी, आजोबा?"

"राहिलंय ते," ते म्हणाले आणि काठी टेकत आत गेले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. सकाळी आईनं कुकर लावला तेव्हा ती डब्यासमोर बसली. प्रोग्रॅममधल्या चार ओळी पुसल्या, दोन लिहिल्या, भोरच्या चिपला पाठवल्या, विंझरच्या चिपला पाठवल्या. पलीकडचा डबा काकीनं अजून चालूच ठेवला होता, त्यामुळे त्यानंही घेतल्या. मग तिनं एक अक्षर दाबून पाहिलं. ते लगेच गेलं.

"झालं का गं?" आजोबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

कुकरची तिसरी शिट्टी अजून व्हायची होती.